जंगलाला फुकटात नत्र मिळतो, मग बिघडतं कुठे?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

रसायनशास्त्र शिकलोय, जीवशास्त्र दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

गाड्यांच्या धुरातून आणि वीजकेंद्रांतून नायट्रोजनची ऑक्साइडं निघतात. गोठ्यांतून आणि युरिया टाकलेल्या शेतांतून अमोनिया उडतो. हे सगळं वाऱ्यावर लांब लांब जातं आणि कुठेतरी पावसाबरोबर, नाहीतर कोरडंच, जंगलावर येऊन पडतं. इथवर मला कळतं. पुढे मात्र जिथे बघावं तिथे एकच वाक्य सापडतं: 'याचा जंगलातल्या मातीच्या जीवसृष्टीवर विपरीत परिणाम होतो.' कसा होतो, ते कुणी सांगत नाही.

माझी अडचण अशी. नत्र म्हणजे वनस्पतींचं अन्न. शेतात आपण हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो नत्र मुद्दाम घालतो. जंगलावर पडतो तो चांगल्याच प्रदूषित भागातसुद्धा वर्षाला १०, २०, फार तर ४० किलो. शेताच्या मानाने चिमूटभर. तेवढ्याने मातीतले जीव मरत असतील हे पटत नाही. उलट जिवाणूंना आणि बुरशीलाही प्रथिनं बनवायला नत्र लागतोच की. त्यांची तर चंगळ व्हायला हवी!

दुसरं म्हणजे, एका लेखात वाचलं की असा नत्र पडलेल्या जंगलात माती कार्बन डायऑक्साइड कमी सोडते आणि जमिनीत कार्बन साठत जातो. तसं असेल तर हवामानाच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. मग प्रदूषण कशाला म्हणायचं?

आणि तिसरं, धूर थांबला तर माती पूर्ववत होते का?

जाणकारांनी जरा विस्ताराने लिहावं. लिंका नकोत, समजावून सांगा.

पाचोळा

थोडक्यात उत्तर: आम्लता.

अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मातीत असतातच. रशियन शास्त्रज्ञ व्हिनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले ते हेच. या क्रियेत एका अमोनियममागे दोन हायड्रोजन आयन सुटतात. तुम्ही रसायनवाले, पुढचं सांगायला नको. नायट्रेट ऋणभारित असल्यामुळे मातीच्या कणांना धरून राहत नाही, पाण्याबरोबर खाली निघून जातं आणि जाताना जोडीला कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन जातं. त्यांच्या रिकाम्या जागी हायड्रोजन येऊन बसतो. सामू साधारण साडेचारच्या खाली घसरला की अ‍ॅल्युमिनियम विरघळायला लागतं आणि ते मुळांना बाधतं, गांडुळांनाही. शेतात चुना टाकून वेळ मारून नेता येते. जंगलात टाकणार कोण?

भोचक

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मला आजवर वाटत होतं की हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे, तर त्याचं प्रदूषण होणार तरी कसं!

मुळाक्षर

भोचक, हवेतला तो ७८ टक्के निष्क्रिय. दोन अणू तिहेरी बंधाने एकमेकांना घट्ट धरून बसलेले, त्यामुळे झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तो बंध तोडण्याचं काम पूर्वी आकाशातली वीज आणि मोजके जिवाणू करायचे. १९०९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाबरने ते प्रयोगशाळेत साधलं, १९१३ मध्ये बॉशने जर्मनीत ओप्पाऊला त्याचा कारखाना उभा केला, आणि आज आपण जमिनीवर निसर्गाच्या बरोबरीने, किंबहुना जास्तच, क्रियाशील नत्र तयार करतो. प्रदूषण त्या क्रियाशील नत्राचं.

आता मूळ प्रश्न. पाचोळा यांचा मुद्दा बरोबर आहे, पण आम्लता बरीच उशिरा येते. तोवर जमिनीखाली बरंच काही उलटंपालटं होऊन गेलेलं असतं आणि सामू मोजून त्यातलं काहीच कळत नाही.

माझा बराचसा दिवस सूक्ष्मदर्शकाखाली झाडांची मुळं बघण्यात जातो. मातीचा गोळा चाळणीत धरून पाण्याखाली हलक्या हाताने धुवायचा, उरलेली बारीक मुळं बशीभर पाण्यात पसरायची आणि चिमट्याने एकेक टोक सरकवत बघत जायचं. पाइन, स्प्रूस, ओक, बीच यांच्या मुळाचं टोक पाठ्यपुस्तकात काढलेलं असतं तसं दिसतच नाही. मूलरोम नाहीत. टोक आखूड, फुगीर, आणि त्यावर बुरशीच्या तंतूंचं आवरण चढलेलं. त्यातही जाती ओळखू येतात. सेनोकोकमचं टोक काळंकुट्ट, त्यातून ताठ, राठ केस बाहेर आलेले. पायलोडर्मा हळदीपिवळी, तिचे तंतू कुजक्या पाल्यात लांबवर शिरलेले. लॅक्टेरियस गुळगुळीत, बाहेर एकही धागा नाही. कॉर्टिनॅरियसचं टोक पांढुरकं आणि भोवती सैल तंतूंचा नुसता पसारा. निरोगी जंगलातली बशी समोर आली की दुपार कशी सरते कळत नाही.

ही एक्टोमायकोरायझा, म्हणजे मुळाला बाहेरून वेढून राहणारी बुरशी. झाड तिला साखर देतं, ती झाडाला नत्र आणि स्फुरद आणून देते. हा व्यवहार किती मोठा आहे याचा अंदाज स्वीडनच्या उत्तर भागातल्या एका प्रयोगातून येतो. हॉगबर्ग आणि सहकाऱ्यांनी पाइनच्या खोडांची साल गोलाकार सोलली, म्हणजे पानांतली साखर खाली उतरण्याचा रस्ताच बंद. दीड-दोन महिन्यांत जमिनीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून कमी झाला. २००१ मध्ये हे छापून आलं. जमिनीचा निम्म्याहून अधिक 'श्वास' हा झाडाने नुकत्याच धाडलेल्या साखरेवर चालला होता.

हिशेब तुम्हीच करा. नत्र वरून आयता पडू लागला तर झाड बुरशीला एवढी साखर कशासाठी देत बसेल? देत नाही. ती साखर लाकडात आणि पानांत वळवतं. सुरुवातीची काही वर्षं झाडं जोमाने वाढतातही, आणि त्यावरून 'जंगलाला मानवलं' असं म्हणून लोक मोकळे होतात. जमिनीखाली मात्र साखरेचा ओघ आटलेला असतो. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे: विष होऊन कुणी मरत नाही, खुराक तुटतो.

आणि तो सगळ्यांचा सारखा तुटत नाही. कॉर्टिनॅरियस आणि पायलोडर्मा नत्र मिळवतात तो कष्टाने. पाल्यात, ह्यूमसमध्ये (पाला कुजून झालेल्या काळपट थरात) अडकलेलं प्रथिन सोडवायचं, त्यासाठी महागडी एन्झाइमं स्रवायची, तंतू दूरवर पसरायचे. कॉर्टिनॅरियसच्या कित्येक जाती तर लाकूड कुजवणाऱ्या बुरशीकडे असतात त्या जातीची पेरॉक्सिडेज एन्झाइमं अजून बाळगून आहेत. या कष्टाला भरपूर साखर लागते, म्हणून पहिल्यांदा जातात त्या याच. मागे राहतात लॅक्टेरियसच्या काही जाती, लॅकेरिया, पॅक्सिलस अशा, ज्यांना मातीच्या पाण्यात विरघळलेला अमोनियम उचलता येतो. अलास्कात केनाई द्वीपकल्पावर खताच्या एका कारखान्यातून अमोनिया सुटायचा. लिलेस्कोव्ह या संशोधकांनी कारखान्यापासून दूर जात जात पांढऱ्या स्प्रूसची मुळं तपासली. दूरच्या जंगलात ३० हून अधिक प्रकारच्या एक्टोमायकोरायझा, कारखान्याजवळ ९. झाड तेच, हवामान तेच.

ही टोकाची जागा वाटत असेल तर युरोपभरचा अभ्यास घ्या, २०१८ चा. २० देशांतली १३७ ठिकाणं. मुळांवरच्या बुरशीचा समाज बदलू लागतो तो उंबरठा त्यांना वर्षाला हेक्टरी ५.८ किलो नत्राच्या आसपास सापडला. (हो, तुमच्या नावाचाच.) तुम्ही चिमूटभर म्हणता ते १०-२० किलो त्याच्या दुप्पट-तिप्पट झाले.

शेताशी तुलना तर मुळातच चुकते. शेतातून दरवर्षी पीक कापून नेतो, त्याबरोबर नत्रही जातो, म्हणून तो परत घालावा लागतो. जंगलातून कुणी काही कापून नेत नाही. पान गळतं, कुजतं, त्यातला नत्र पुन्हा मुळात येतो. कारखानदारीच्या आधी बाहेरून येणारी भर म्हणजे बऱ्याच ठिकाणी हेक्टरी किलोभर, किंवा तेवढीही नाही. म्हणजे २० किलो ही त्या हिशेबाने वीसपट भर झाली, आणि तीही एका हंगामात नव्हे, दरसाल, बारा महिने, झाडं पानगळ होऊन स्वस्थ उभी असतात तेव्हासुद्धा.

राहिली जिवाणूंची चंगळ. नत्र लागतो, मान्य. पण मातीतल्या सूक्ष्मजीवांना बहुतेक वेळा वानवा असते ती खाण्याजोग्या कार्बनची. तोच झाडाने आखडता घेतलाय. नुसत्या नत्रावर कुणाचं पोट भरणार? त्यामुळेच जगभरच्या प्रयोगांची एकत्र मोजदाद केली तेव्हा नत्र घातल्यावर सूक्ष्मजीवांचं एकूण वजन सरासरी १५ टक्क्यांनी कमी भरलं (ट्रेसेडर, २००८). चंगळ होते ती एका टोळीची, अमोनियमपासून ऊर्जा मिळवणाऱ्या जिवाणूंची आणि आर्किआंची (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव). त्यांना साखर लागतच नाही. ते वाढतात, नायट्रेट करतात, आणि मग पाचोळा यांनी सांगितलेली गोष्ट सुरू होते.

बुरशीवर चरणारे कोळीकिडे, स्प्रिंगटेल वगैरे मंडळींचं काय होतं ते जागोजागी वेगळं आहे, त्यात शिरत नाही.

भोचक

म्हणजे झाडांनाही फुकटची सवय लागते तर!

मुळाक्षर

झाडाला कशाला बोल लावता? ते हिशेबी आहे इतकंच. पण त्याची किंमत झाडालाही मोजावी लागते. स्फुरद आणि पाणी आणून देणारीही हीच बुरशी. नत्राने पानं वाढली, त्यांची स्फुरदाची मागणी वाढली, आणि नेमकी तेव्हाच आणून देणारी माणसं कमी केलेली. दुष्काळी वर्षी ते अंगाशी येतं.

उंबरठा

मुळाक्षर, दंडवत! 'मातीला नत्र आवडतो की नाही' हा प्रश्नच चुकीचा होता हे कळलं. माती म्हणजे कुणी एक नाहीच.

पण दुसऱ्या प्रश्नावरून मी हटणार नाही. साखर कमी उतरली म्हणून श्वास कमी झाला, ठीक. तरी त्या लेखात नुसता श्वास नव्हता, जमिनीतला कार्बनचा साठा वाढला असंही होतं. साखर कमी उतरत असेल तर साठा कमी व्हायला हवा. वाढतो कसा?

मुळाक्षर

प्रश्न नेमका आहे. उत्तर पाल्याच्या थरात आहे.

गळलेल्या पानात ढोबळमानाने दोन गोष्टी. सेल्युलोज, जे कुणीही खातं. आणि लिग्निन, जे खाणारे थोडे. लिग्निन पूर्ण मोडायचं कसब प्रामुख्याने पांढरी कूज करणाऱ्या बुरशींकडे. त्या लाकडावर वाढल्या की लाकूड पांढरं, धागेदार, भुसभुशीत होतं. आता गंमत बघा. लिग्निनमधून ऊर्जा फारशी मिळत नाही, मोडायचा खर्चच मोठा. मग बुरशी त्याच्या वाटेला जाते कशाला? बऱ्याच अंशी त्याच्या आड दडलेलं सेल्युलोज आणि नत्र मिळावा म्हणून. फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम ही या क्षेत्रातली प्रयोगशाळेची लाडकी बुरशी. ती तर भोवतालचा नत्र संपत आला की मगच लिग्निन मोडायला घेते. नत्र आयता मिळाला की पेरॉक्सिडेजं बंद.

त्यामुळे नत्र पडलेल्या जंगलात पाला कुजायला सुरुवात जोरात होते, सेल्युलोज भराभर संपतं, आणि मग गाडी अडते. जाळीच्या पिशव्यांत पाला भरून जमिनीवर ठेवतात आणि ठरावीक काळाने वजन करतात, त्यात हे चांगलं दिसतं. पहिल्या काही महिन्यांचीच वजनं बघितली तर निष्कर्ष निघतो 'नत्राने कुजणं वाढतं'. पिशव्या दोन-तीन वर्षं राहू दिल्या की चित्र उलटतं. जुन्या लेखांत दोन्ही तऱ्हेचे दावे सापडतात त्याचं एक कारण हे.

मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९८८ पासून हा प्रयोग चालू आहे. पाइनची लागवड आणि ओकचं मिश्र जंगल, दोन्हींत काही तुकड्यांवर वर्षाला हेक्टरी ५० किलो नत्र, काहींवर १५०, काही तसेच सोडलेले. वीसेक वर्षांनी बघितलं तर नत्र घातलेल्या तुकड्यांत बुरशी कमी, लिग्निन मोडणारी एन्झाइमं कमी, आणि जमिनीत अर्धवट कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाची भर. तुमचा लेख बहुधा याच्यावरूनच लिहिलेला असणार. नंतर तिथल्याच बुरशी वेगळ्या करून पाल्यावर वाढवल्या, तेव्हा नत्राच्या तुकड्यांतून आणलेल्या बुरशींना पाला कमी कुजवता आला. म्हणजे नुसतं आजच्यापुरतं काम थांबवलेलं नाही, कसब असलेल्या बुरशीच मागे पडल्या आहेत. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत काळजीची गोष्ट ही, आणि बातम्यांत ती कुठेच येत नाही.

तर हो, साठा वाढतो. ते खोटं नाही. पण जमाखर्च पुरा मांडा. एक, त्या न कुजलेल्या थरात कॅल्शियम, स्फुरद हेही अडकून पडलेत. दोन, नायट्रेट जिथे दलदलीत, ओलसर खोलगटीत जातं तिथे जिवाणू त्याचा नायट्रस ऑक्साइड करतात, आणि त्याचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २७३ किलोंइतकी उष्णता धरतो. तीन, त्याच हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १५० किलोवाल्या पाइनच्या तुकड्यात २००२ पर्यंत निम्म्याहून अधिक झाडं मेली होती. १५० किलो ही मुद्दाम फुगवलेली मात्रा आहे हे कबूल, एरवी जंगलावर एवढा नत्र पडत नाही. पण जमिनीतल्या साठ्याचा आकडा सांगताना वरच्या झाडांचा गाळायचा, हा कुठला हिशेब?

गोगलगाय

वाचतेय. इतकं सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. आमच्या गोतावळ्याबद्दल कुणीच बोलेना म्हणून एक भर घालते.

नेदरलँड्समध्ये नापीक वाळूवर वाढलेली जंगलं आहेत आणि आसपास जनावरांचे प्रचंड मोठे गोठे. १९८० च्या दशकात तिथल्या काही जंगलांत वर्षाला हेक्टरी ४० किलोच्या वर नत्र पडत होता, जोडीला गंधकही. वाळूत कॅल्शियम आधीच कमी, ते धुऊन गेलं. शंखवाल्या गोगलगायींना शंख करायला कॅल्शियम मिळेना, त्या जवळपास नाहीशा झाल्या. मग पक्षी बघणाऱ्यांच्या लक्षात आलं की ग्रेट टिट, म्हणजे आपल्याकडच्या राखी वल्गुलीची युरोपातली बहीण, पातळ आणि सच्छिद्र कवचाची अंडी घालतेय. काही माद्या तर कवचाशिवायच अंडी घालत होत्या, काही रिकाम्या घरट्यात बसून राहत होत्या. अळ्या भरपूर होत्या, उपासमार नव्हती. पण अळीत कॅल्शियम कितीसं असणार? अंडी घालायच्या दिवसांत मादी गोगलगायींचे शंख टिपून खाते, आणि तेच संपले होते. संशोधकांनी घरट्यांजवळ शंखांचे आणि कोंबडीच्या अंड्यांच्या कवचांचे तुकडे ठेवले, तर अंडी सुधारली. हे १९९४ मध्ये 'नेचर'मध्ये आलं.

गोठ्यातला अमोनिया आणि वल्गुलीचं अंडं यांचा संबंध एरवी कुणी जोडला असता?

रानवाट

एक शंका. उदाहरणं सगळी थंड प्रदेशांतली आहेत, पाइन आणि ओकची. उष्ण कटिबंधातल्या जंगलांचं काय? तिथे तर शेंगावर्गीय झाडंच मुळांच्या गाठींतून हवेतला नत्र पकडतात, त्यामुळे नत्राची ददात नाही असं ऐकलंय. मग जास्तीचा आला तरी त्यांना सवय असणार.

मुळाक्षर

रानवाट, पहिला अर्धा भाग बरोबर, दुसरा उलटा. उष्ण कटिबंधातल्या जुन्या, पावसाने धुतलेल्या मातीत टंचाई असते ती बहुतेक वेळा स्फुरदाची. नत्र आधीच गरजेपुरता, कधी जास्तच. तिथे आणखी नत्र पडला तर झाडं तो वापरूच शकत नाहीत, आणि तो धरून ठेवायला मातीत जागाही नसते. थंड प्रदेशातलं जंगल वर्षानुवर्षं नत्र शोषत राहतं आणि बऱ्याच उशिरा गळायला लागतं. इथे गळती लवकर सुरू होते.

दक्षिण चीनमध्ये डिंगहूशान इथे २००३ पासून हे तपासताहेत. शेजारशेजारची जंगलं: एक पाइनचं, माणसाने ओरबाडलेल्या जागेवर लावलेलं, दुसरं शेकडो वर्षं जपलेलं जुनं, दाट. नत्राचा त्रास कुणाला झाला असेल? जुन्याला. तिथे माती आणखी आम्लधर्मी झाली, बारीक मुळं घटली, जमिनीचा श्वास मंदावला. पाइनच्या जंगलात, जिथे नत्राची खरोखर कमतरता होती, तसं झालं नाही.

तिथल्या पुष्कळ झाडांवर एक्टोमायकोरायझा नसते, आर्बस्क्युलर असते, मुळाच्या पेशींच्या आत शिरणारी. ती सेंद्रिय पदार्थातून नत्र उकरत बसत नाही, तिचं मुख्य काम स्फुरद आणणं. त्यामुळे केनाईसारखा सरसकट ऱ्हास तिथे तसाच्या तसा दिसेल असं समजू नका. जंगल बदललं की गोष्ट बदलते.

उंबरठा, तुमचा तिसरा प्रश्न राहिला. पूर्ववत होतं का? एकाच वेगाने नाही. युरोपात काही ठिकाणी जंगलात झाडांच्या पानांखाली, जमिनीच्या वर, चक्क पारदर्शक छत घातलं होतं. प्रदूषित पाऊस वरच्यावर अडवायचा आणि खाली स्वच्छ पाणी शिंपडायचं. निचऱ्याच्या पाण्यातलं नायट्रेट लवकर खाली आलं, थोड्याच वर्षांत. बुरशी वेळ घेते. स्वीडनमध्ये नॉर्लिडेन इथे १९७१ पासून पाइनच्या जंगलाला नत्र घालत होते, एका भागात १९९० मध्ये थांबवला. साधारण दीड दशकाने बघितलं तर मुळांवरची बुरशी बऱ्यापैकी परतलेली होती. आशादायक आहे, पण आजूबाजूला स्वच्छ जंगल होतं, बीजाणू यायला जागा होती, हे विसरू नका. जिथे मैलोन्‌मैल सगळंच नत्राखाली आहे तिथे येणार कुठून?

कॅल्शियमचं सर्वांत कठीण. ते खडक झिजूनच येणार. अमेरिकेत हबर्ड ब्रूकच्या जंगलात १९९९ मध्ये हेलिकॉप्टरने कॅल्शियम सिलिकेट फवारलं, आणि शुगर मेपल सावरले. तिथला मुख्य दोष गंधकाच्या आम्लपावसाचा होता, पण धुऊन गेलेलं कॅल्शियम तेच. पाचोळा, 'जंगलात चुना टाकणार कोण' याचं उत्तर हे. पण चुना टाकून नत्र जात नाही. सामू चढला की साठलेला ह्यूमस भराभर कुजून उलट आणखी नायट्रेट सुटू शकतं. युरोपात, जिथे जंगलांना चुना देतात, तिथे ही धास्ती कायम असते.

पाचोळा

हबर्ड ब्रूकचं माहीत नव्हतं, धन्यवाद.

एक विचारतो. मुळं धुवून टोकं ओळखत बसणं प्रत्येकाच्या आवाक्यातलं नाही. एखाद्या जंगलाला नत्र जास्त झालाय हे साध्या चाचणीने कळेल असं काही आहे का? सामूने नाही कळत म्हणालात.

मुळाक्षर

आहे. कुजलेल्या पाल्याच्या थराचं कर्ब-नत्र गुणोत्तर. माती तपासणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळा कर्ब आणि नत्र दोन्ही काढून देतात. युरोपातल्या सूचिपर्णी जंगलांचा अनुभव असा की हे ३० च्या वर असेल तोवर जंगल नत्र धरून ठेवतं. २५ च्या खाली उतरलं की निचऱ्यात नायट्रेट दिसायची शक्यता बरीच वाढते. हे आकडे त्या जंगलांचे. रुंद पानांच्या किंवा उष्ण कटिबंधातल्या जंगलाला तेच लावू नका, तिथे शेजारच्या कमी प्रदूषित जागेशी तुलना करूनच बोलावं लागतं.

डोळ्यांना दिसणारं हवं असेल तर जंगलाच्या कडेला बघा. वाऱ्याच्या बाजूची कड आतल्या भागापेक्षा जास्त नत्र गाळून घेते. थंड प्रदेशांत तिथे खाजकुयलीसारखी झोंबणारी नेटल आणि रासबेरीवर्गीय काटेरी झुडपं माजलेली असतात आणि आत शंभर पावलांवर काहीच नसतं. कडेचा आणि आतला असे दोन्ही नमुने घ्या, फरकच बरंच काही सांगतो.

नमुना घेताना वरचा न कुजलेला पाला, त्याखालचा काळपट मऊ थर आणि खालची खनिज माती या तिन्ही वेगळ्या पिशव्यांत भरा. गुणोत्तर हवंय ते मधल्या थराचं. बहुतेक जण फावडं मारून सगळं एकत्र आणतात आणि मग आकडा कशाचाच नसतो.

उंबरठा

मधल्या थरासाठी खोली किती धरायची?

मुळाक्षर

खोली धरूच नका. कुठे दोन बोटं असतो, कुठे वीतभर. हाताने उकरत जा, बोटांना वाळूची किंवा मातीची कचकच लागली की थांबा.